बकरा की पकडा?

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे वाचताना जीव टांगणीला नको. आमचे २६,००० रुपये गेले. चार हप्त्यांत गेले आणि चारही वेळा मीच माझ्या हाताने दिले. खरं नुकसान याच्या जवळजवळ सहापट आहे. ते पैसे कुणी चोरले नाहीत. ते आम्हाला मिळण्यासारखे होते आणि आम्ही मागायलाच गेलो नाही. कसं, ते सांगते.

ऐरोलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. आमचे हे महापेच्या एका कंपनीत आहेत. धाकटी लेक जन्मापासून कर्णबधिर. दोन्ही कानांना मशीन आहे. मशीन काढलं तर शेजारी फटाका फुटला तरी ती मान वळवणार नाही. ७५ टक्क्यांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आहे, पिवळं. लोक अजून 'मूकबधिर' म्हणतात, तिला तो शब्द अजिबात आवडत नाही. 'मूक कुठेय? मी तर भांडते,' असं ती लिहून दाखवते. आणि भांडते, हे खरंच. दहावीनंतर तिने कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. आमच्या खानदानात इंजिनियरिंगच्या वाटेला गेलेली ही पहिलीच.

ट्रान्स हार्बरच्या गाडीत दिव्यांगांच्या डब्यात तिचा एक गट जमला होता. शनिवारी संध्याकाळी ही मुलं ठाणे स्टेशनवर फलाटाच्या टोकाला उभी राहून तास तासभर खुणांच्या भाषेत गप्पा मारतात. गर्दीचा, भोंग्यांचा त्यांना काही त्रास नाही, दिवा पुरेसा हवा एवढंच. तिथेच हा माणूस त्यांना भेटला. वय पस्तिशीचं, इस्त्रीचा शर्ट, मनगटावर भलंमोठं घड्याळ. स्वतः ऐकू येणारा, पण हात असे चालायचे की मुलांना आधी तो त्यांच्यातलाच वाटला. आपले आईवडील कर्णबधिर आहेत, म्हणून ही भाषा घरातच शिकलो, असं त्याने सांगितलं. मुलं त्याला 'सर' म्हणायची. कर्णबधिर मुलं ओळखीच्या माणसाला खुणेचं एक नाव देतात, तसं त्यालाही दिलं होतं: मनगटावर दोन बोटं टेकवायची, म्हणजे घड्याळवाले सर.

एक दिवस तो केंद्रावर आला. संध्याकाळच्या डब्यांची वेळ, परातीत कणीक, तव्यावर पोळी. मला सवय आहे, नवीन माणूस आला की माझ्याकडे बघून विचारतो, 'हिला किती ऐकू येतं? हिला कळतं का?' मुलगी समोर उभी असते आणि प्रश्न मला. डॉक्टर, शिक्षक, नातेवाईक, सगळे तसेच. हा माणूस मला नमस्कार करून सरळ तिच्याकडे वळला. माझ्याकडे पाठ करून वीस मिनिटं तिच्याशी हातांनी बोलला. ती खदखदून हसली, मध्येच वाद घातला, परत हसली. मी हातात उंडा धरून बघत राहिले. सतरा वर्षांत परक्या माणसाने माझ्या लेकीशी माझ्यामार्फत नाही, थेट एवढं बोललेलं मी पाहिलं नव्हतं. तव्यावरची पोळी करपली त्या दिवशी. खरं सांगायचं तर फसवणूक तिथेच पूर्ण झाली होती, पुढचं सगळं नुसतं वसुलीचं काम.

मग तो मला म्हणाला, 'ताई, सरकारची मोठी शिष्यवृत्ती आहे, वर्षाला १,२०,०००. लोकांना माहीतच नाही. फाइल मी करतो.' फाइलचे ३,५०० घेतले. कागद मागितले: आधार, यूडीआयडी, मार्कशीट, पासबुक, उत्पन्नाचा दाखला. यांचा पगार २२,००० आणि केंद्राचे महिना आठेक हजार, म्हणजे वर्षाचे ३,६०,००० होतात. ते ऐकून त्याने जीभ चावली. 'अडीच लाखांच्या आत पाहिजे, ताई. सगळेच करतात. माझा माणूस आहे, दाखला आणून देतो.' त्याचे ४,००० झाले.

इथे मी हो म्हटलं. हे लपवून लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं, पण मग या लिहिण्याला काय अर्थ? मला माहीत होतं की हे खोटं आहे. मनात म्हटलं, आपण काय कोट्यधीश आहोत का? कानाच्या मशीनला लागणारे ६७५ नंबरचे सेलच महिन्याला किती जातात, ते सरकारला कुठे ठाऊक.

तो दाखला नंतर मी नीट वाचला. खाली लिहिलं होतं, 'तहसीलदार, तालुका नवी मुंबई'. अहो, नवी मुंबई नावाचा तालुकाच नाही! ऐरोली काय, वाशी काय, आपण सगळे ठाणे तालुक्यात येतो. मी गेली तेवीस वर्षं इथे राहते आणि माझ्या हातात तो कागद महिनाभर होता. 'आपले सरकार'च्या साइटवर नंबर टाकून पाहिला तर अशी नोंदच नाही. खरा दाखला सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात शंभराच्या आत निघतो, फक्त त्यावर खरं उत्पन्न येतं.

आता डोळे मिचकावण्याची गोष्ट. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायच्या असतात आणि तिथे आधी ओटीआर काढावा लागतो, म्हणजे विद्यार्थ्याची एकदाच करायची नोंदणी. ती आधारशी जोडलेली असते आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून पूर्ण होते. चेहरा गोलात आणायचा, डोळे मिचकवायचे, हिरवी रेघ आली की झालं. त्याने आपला मोबाइल लेकीसमोर धरला आणि खुणेने सांगितलं, मिचकाव. तिने मिचकावले. दोघंही हसले. मीही हसले, कारण ती चेहरा फार गंभीर करून बसली होती, शाळेच्या ओळखपत्राचा फोटो काढतात तशी. नोंदणीत मोबाइल नंबर मात्र त्याने स्वतःचा टाकला. ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे. 'हिला फोन ऐकू येत नाही ना, म्हणून माझा नंबर बरा,' हे त्याचं कारण. ऐकायला काळजीचं वाटलं. ओटीपी मेसेजने येतो आणि मेसेज माझी लेक माझ्यापेक्षा लवकर वाचते, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये तिच्या कॉलेजच्या फलकावर शिष्यवृत्त्यांची नोटीस लागली होती. तिने फोटो काढून त्याला पाठवला. त्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं की ते इतरांसाठी आहे, तुझं काम झालंय, दोन ठिकाणी भरलं तर दोन्ही रद्द होतात. यात अर्धं खरं आहे, एका वेळी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. त्याच्या बोलण्यात असं अर्धं खरं नेहमी असायचं. मग 'कॉलेजची पडताळणी' म्हणून ६,००० नेले. कॉलेजची पडताळणी ही क्लार्कच्या रोजच्या कामाचा भाग असते, तिला एक रुपयाही लागत नाही. जानेवारीत मंजुरीचं पत्र आलं, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का आणि सही. १,२०,००० मंजूर, पण आधी १२,५०० 'परतावा अनामत' भरायची. क्यूआर कोड मोबाइलवर आला. मी कणकेचा हात पदराला पुसला आणि स्कॅन केला.

त्याच आठवड्यातल्या रविवारी लेकीने मोबाइलवर लिहून मला विचारलं, 'बकरा की पकडा?'

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. व्हिडिओ कॉल चालू असताना सरांच्या बाजूला कुणीतरी आलं. सरांनी हात थांबवले, मान तिकडे वळवली आणि तोंडाने काहीतरी बोलले. ऐकू येणाऱ्या माणसांचा हा एक भ्रम असतो, हात थांबले की बोलणं दिसायचं बंद झालं. माझी लेक ओठ वाचते. पण ओठ वाचणं म्हणजे पुस्तक वाचणं नव्हे. प, ब आणि म ओठांवर तंतोतंत सारखे दिसतात, दोन्ही ओठ मिटतात आणि उघडतात. आतली जीभ दिसत नाही, तर र की ड हेही सांगता येत नाही. तिला 'आई' दिसलं, 'साडेबारा' दिसलं आणि त्यांच्या मध्ये एक शब्द, बकरा किंवा पकडा. अर्थ लागला तर शब्द ठरवता येईल, म्हणून ती मला विचारत होती. बकरा म्हणजे शेळीचा नर, एवढंच तिला ठाऊक होतं. एखाद्याचा बकरा करतात हे कानावर पडून शिकायचं असतं, ते तिला कोण सांगणार?

आणि मी काय म्हटलं? 'पकडाच असेल. फोन पकडा म्हणाले असतील.' १२,५०० देऊन चार दिवस झाले होते. दुसरा शब्द मला परवडणारा नव्हता.

तिने माझं ऐकलं नाही, हे आमचं नशीब. शनिवारी ठाण्याला फलाटावर तिने आणखी दोघींची मंजुरीची पत्रं मागून घेतली आणि तिन्ही शेजारी शेजारी धरून फोटो काढला. शिक्क्यातल्या 'नवी दिल्ली'मधलं 'ल्ली' तिन्ही पत्रांवर सारखंच फराटलेलं. सहीचं शेपूट तिन्हीकडे त्याच अक्षराला त्याच जागी कापत होतं. हाताने तीन वेळा शिक्का मारला तर शाई तीन वेळा तशीच कशी फासली जाईल? मी ते पत्र देवासमोर ठेवून दहा वेळा वाचलं होतं, मला दिसलं नाही. तिला मिनिटभरात दिसलं. घरी येऊन मी तिला बकरा करणं म्हणजे काय ते लिहून दिलं. तिने वाचलं, मान हलवली आणि मशीन काढून डबीत ठेवलं. त्या रात्री तिला कुणाशीच बोलायचं नव्हतं.

सोमवारी केंद्र बंद ठेवून मी तिच्या कॉलेजात गेले. शिष्यवृत्तीचं काम बघणारे क्लार्क भले माणूस. त्यांनी पोर्टल उघडलं. तिच्या आधारवर ओटीआर आधीच निघालेला, नंबर भलत्याचाच. अर्ज मात्र कुठलाच भरलेला नाही. एकही नाही. तो खोटा दाखलासुद्धा त्याने कुठे लावला नव्हता. त्या क्षणी मला त्याचंच हायसं वाटलं, कारण दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या ९१व्या कलमात खोटेपणाने सवलत घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं आहे. दाखला लागला असता तर कागदावर नाव माझ्या लेकीचं असतं, घड्याळवाल्याचं नाही.

मग क्लार्कनी विचारलं, 'पण ताई, तुम्ही सक्षम का नाही भरली?'

सक्षम ही एआयसीटीईची, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची शिष्यवृत्ती आहे. मान्यताप्राप्त संस्थेत डिग्री किंवा डिप्लोमाला असलेल्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी. वर्षाला ५०,००० रुपये. आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख नाही, आठ लाख! आमच्या खऱ्या ३,६०,००० वर ती सरळ बसत होती. अडीच लाखांची अट केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला आहे, ती वेगळी योजना. त्याने मला एका योजनेची अट दाखवून दुसऱ्या योजनेचं दार बंद केलं, आणि मी उगाच खोटा दाखला करायला निघाले. सक्षमचा नवीन अर्ज पहिल्या वर्षीच करायचा असतो, पुढे फक्त नूतनीकरण. पहिल्या वर्षाची मुदत संपून गेली होती. तीन वर्षांचे दीड लाख, त्या खुर्चीवर बसल्या बसल्या माझ्या समोरून गेले. हेच ते सहापट.

गटातल्या एका मुलीचं याहून मोठं झालं. तिला त्याने अमेरिकेचं गाजर दाखवलं. वॉशिंग्टनला गॅलॉडेट नावाचं कर्णबधिरांचं विद्यापीठ आहे, १८६४ पासूनचं. तिथे वर्गातसुद्धा खुणांच्या भाषेत शिकवतात. हे सगळं खरं आहे आणि आपल्या मुलांना ते स्वर्गासारखं वाटतं. तिथल्या सरकारी मदतीचा अर्ज, फाफ्सा, मी भरून देतो म्हणून त्याने तिच्या वडिलांकडून पैसे घेतले. माझा आतेभाऊ न्यू जर्सीत आहे, त्याला विचारलं तर तो कपाळावर हात मारून म्हणाला, 'अगं, फाफ्सामधला पहिला एफ म्हणजेच फ्री. आणि ती मदत अमेरिकेच्या नागरिकांना आणि तिथे कायमचं राहायची परवानगी असलेल्या वगैरे लोकांना मिळते, इथे शिकायला येणाऱ्या परदेशी पोरांना नाही.'

तक्रारीचं सांगते. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे आणि तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठवता येण्याची आशा जास्त. आम्ही शेवटचा हप्ता दिल्यानंतर १९ दिवसांनी फोन केला. तोवर खातं रिकामं. तरी केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवरही नोंद केली. तिथे लेखी तक्रार करता येते, म्हणजे फोन न ऐकू येणाऱ्या माणसाला स्वतःची तक्रार स्वतः नोंदवता येते. लेकीने ती स्वतः टाइप केली, मला हात लावू दिला नाही. पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा तिच्या जुन्या शाळेतल्या बाई दुभाषी म्हणून आल्या. पहिले दोन प्रश्न साहेबांनी सवयीने मलाच विचारले. बाई म्हणाल्या, 'साहेब, तिला विचारा, मी सांगते तुम्हाला.' त्यानंतर दीड तास ते तिच्याकडे बघून बोलले. भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमाखाली, म्हणजे जुनं ४२०, गुन्हा नोंदला आहे. पुढे काही झालेलं नाही.

ओटीआरवरचा नंबर बदलून घेतला, त्याला बरेच हेलपाटे घातले. आता तिथे तिचाच नंबर आहे. यंदा महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर दिव्यांगांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाय (ही राज्याची, वर सांगितलेली केंद्राची नव्हे), खऱ्या उत्पन्नाचा दाखला लावून. महापालिकेकडेही चौकशी केली. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात आणि वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे माहिती विचारता येते. आणि डिप्लोमा झाल्यावर ती डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेली, तर सक्षमचा अर्ज परत नव्याने करता येतो. क्लार्कनी हे सांगितलं तेव्हा लेकीने त्यांच्याच टेबलावरचं पेन घेऊन तळहातावर लिहून ठेवलं. या सरकारी शिष्यवृत्त्यांचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, आणि ते येण्याआधी आपण कुणाला काही भरायचं नसतं. यूडीआयडी कार्डही फुकट निघतं. त्याचेही कुणी ५०० मागितले तर उठून या.

हे मी मराठीत लिहितेय ते आईवडिलांसाठी. मुलं हे वाचणार नाहीत, लांबलचक मजकुराचा त्यांना कंटाळा येतो आणि त्यांची पहिली भाषा हातांची. म्हणून लेकीने वेगळा व्हिडिओ केलाय, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. तिच्या गटाने तो कळव्यापासून पनवेलपर्यंत फिरवलाय. मला त्यातलं निम्मंच कळतं. मनगटावर दोन बोटं, हे कळतं. तीन कागद शेजारी शेजारी, हे कळतं. हनुवटीखाली दाढी ओढल्यासारखी खूण करून ती कॅमेऱ्याकडे बोट दाखवते, तेही आता कळतं. शेवटी ती मोबाइल चेहऱ्यासमोर धरल्याचा अभिनय करते, दोनदा डोळे मिचकावते आणि मग जोरजोरात बोट हलवून नाही म्हणते.